तोंड भिंतीकडे

सरळच सांगते, व्यंकटेश, नवा खेळ जास्त चांगला आहे.
रागावू नकोस.
चार पोरांनी मिळून केलाय म्हणे, कुठल्यातरी थंड गावात,
पण त्यांच्यातल्या एकाला तरी
उपाशी सैन्य चालवणं म्हणजे काय ते ठाऊक असणार.
दलदलीतून नेलं की धनुष्यांच्या दोऱ्या सैल पडतात,
सरदार म्हातारे होतात, तीच ती लढाई उगाळत बसतात,
आणि एका झेंड्याखाली नऊच तुकड्या.
साठवायची सोयच नाही.

तुझं तिथेच बिनसणार.
जुन्या खेळात तुझ्या गढीवर सात सात महिने ड्रॅगन जमायचे,
दर सोमवारी दोन, पतपेढीतल्या व्याजासारखे,
आणि तू वेशीबाहेर पाऊल टाकायचा नाहीस.
"अजून एक आठवडा, अक्का."
तोवर तुझ्या तिन्ही खाणी माझ्या झालेल्या.
गंधकाचीसुद्धा.

साखर पेठेतलं कारखान्यावरचं ते ऑफिस.
नानांनी संगणक घेतला चादरीच्या नक्षीसाठी,
हप्त्यावर,
आणि स्वतः शेवटपर्यंत आलेखाच्या कागदावरच मोर भरले,
लाल पेन्सिल, एकेक चौकट,
मग दगडूमामा त्याबरहुकूम जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
रात्री खाली माग चालू,
टेबल थरथरून माउस आपोआप डावीकडे सरकायचा.
वर आपण दोघं, एक खुर्ची, एक सुताचं पोतं.
"नी वंतु," म्हणून तू भिंतीकडे वळायचास.
नियमच तसा. दुसऱ्याचा डाव बघायचा नाही.

आता सांगून टाकते.
माझ्या भिंतीवर मार्कंडेय महाराजांची तसबीर होती.
तिच्या काचेत पडदा दिसायचा, उलटा,
तुझी पूर्व माझी पश्चिम.
तुझा घोडेस्वार कुठल्या झाडीत दडलाय
ते मला तीन वर्षं देवाच्या छातीवर दिसत होतं.

जुना खेळ आकडा सांगायचा नाही, आठवतं?
समोर शत्रू उभा, आणि वर नुसता शब्द:
थोडे. बरेच. झुंड.
त्यावरून आपण ठरवायचं, भिडायचं की पळायचं.
नानाही म्हणाले होते, थोडं देणं आहे.
माग उचलायला ट्रक आले तेव्हा
झुंड निघाली.

नवा सगळं आधी सांगतो.
नेम लागण्याची शक्यता एकाहत्तर टक्के,
पडतील चार, उरतील अकरा.
मला हे बरं वाटतं. आता या वयात
मला आकडाच हवा.

आणि चित्रं.
जुन्यातली गुळगुळीत, गड्ड्याच्या जत्रेत
फोटो काढायच्या पडद्यासारखी. सुंदरच होती, नाही कोण म्हणतंय.
नव्यातली निव्वळ चौकटींची.
बेडकांचा राजा उभा राहिला
आणि मी चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं, मोजलं:
रुंदी चोवीस, मान सहा, मुकुटाला एकूण नऊ.
हा मागावर चढेल, मी म्हणाले.
मानसी म्हणाली, आई, बेडकाची चादर कोण घेणार?
तिला काय सांगू. नानांच्या मोरालाही
पहिल्या वर्षी कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

तू सुरतेत, रात्रपाळीला सुट्टी काढून.
मी इथे, दुपारचे बेचाळीस अंश अजून भिंतीत.
दोन घरं, दोन पडदे,
वळायची गरज उरली नाही.
तरी तुझा डाव सुरू झाला की माझी खुर्ची फिरते.
या भिंतीवर काच नाही. कॅलेंडर आहे,
नळाच्या तारखांना लाल पेन्सिलीने गोल:
सहा, दहा, चौदा, अठरा.

किती वेळ लावतोस रे.
नऊच तुकड्या आहेत, व्यंकटेश.
काय साठवतोयस?